ग्रंथकर्ता, गिऱ्हाईक आणि चार ओळी



व्याख्यानाचे नाव फळ्यावर नीट लिहिले की चालकांचे निम्मे काम होते, असे म्हणतात. आजच्या विषयाला मी प्रथम मोठे भारदस्त नाव योजले होते. चालकांनी ते वाचले आणि मला विचारले, "गुरुजी, हे ऐकायला नेमके कोणी यावे?" मला चटकन उत्तर देता येईना. तेव्हा ते नाव पुसले आणि आपण पाहता ते लिहिले. चालकांनी मला जो प्रश्न विचारला तोच आज माझ्या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे. पुस्तक लिहून झाले, छापूनही झाले; आता ते कोणी घ्यावे, आणि हे त्या माणसाला कोणत्या शब्दांत सांगावे?

हा प्रश्न मला सुचला त्याला एक निमित्त घडले. माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. कृष्णाकाठच्या गावांची माहिती त्यांनी वीस वर्षे पायी हिंडून गोळा केली आणि स्वतःच्या पैशाने तिचे पुस्तक काढले. प्रती पाचशे. त्यांपैकी काही आप्तेष्टांना भेट गेल्या, काही सत्कारात वाटल्या गेल्या आणि उरलेले गठ्ठे माळ्याखालच्या खोलीत राहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागले तेव्हा घरात दोन तट पडले. धान्याची पोती आधी वर न्यावयाची की पुस्तकांचे गठ्ठे? पोती आधी गेली, हे योग्यच झाले. पण गठ्ठेही मागाहून गेले, आणि ते वाहणाऱ्या सूनबाई म्हणाल्या, "मामा, ही विकली गेली असती तर एवढे ओझे झाले नसते." पुढे नातवाने ते पुस्तक संगणकावरील दुकानात ठेवले. तेथे पुस्तकाखाली चार ओळी लिहाव्या लागतात. गुरुजींनी प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद उतरवून दिला. त्यात परमेश्वराचे, मातापित्यांचे आणि मुद्रकाचे आभार होते. पुस्तकात काय आहे ते नव्हते. वर्षभरात एकही प्रत गेली नाही.

आता कोणी म्हणेल, हा तर अगदी आजचा, संगणकाच्या युगातला प्रश्न. त्याला इतिहास कसला? इतिहास आहे, आणि तो आपल्या वाडीच्या बाजारपेठेतूनच सुरू करता येतो.

दत्तमंदिराकडे जाताना पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी यांच्या दुकानांच्या रांगेत पोथ्यांची दुकाने लागतात. तेथे वर्षानुवर्षे खपणारा ग्रंथ म्हणजे श्रीगुरुचरित्र. त्याची रचना एका ग्राहकाच्या नजरेने पाहा. शेवटी अवतरणिकेचा अध्याय आहे; तीत कोणत्या अध्यायात कोणती कथा आली हे क्रमाने सांगितले आहे. श्रवणपठणाचे फळ काय, तेही ग्रंथ स्वतःच सांगतो. आपल्या जुन्या ग्रंथांतून ही फलश्रुती जागोजाग आढळते. श्रद्धेने पाहणारा तीत आशीर्वाद पाहील, आणि ते त्याच्या दृष्टीने खरेच आहे. परंतु ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर 'यात काय आहे' आणि 'हे वाचून मला काय मिळेल' या दोन प्रश्नांची उत्तरे पोथी स्वतःच्या पोटात बाळगून फिरते. तिला वेगळी जाहिरात लागत नाही.

शास्त्रकारांनी हीच गोष्ट अधिक काटेकोरपणे मांडली. कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत, असा त्यांचा दंडक होता. त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात : अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. अधिकारी म्हणजे हा ग्रंथ कोणासाठी आहे. विषय म्हणजे तो कशाबद्दल आहे. संबंध म्हणजे ग्रंथाचा त्या विषयाशी कोणता नाता आहे. प्रयोजन म्हणजे तो वाचून काय साधणार. सदानंदांच्या वेदान्तसारात हे चारही आरंभीच आले आहेत. हे नियम शिष्यासाठी केले होते, गिऱ्हाइकासाठी नव्हेत, हे मला मान्य आहे. परंतु शिष्याचा वेळ आणि गिऱ्हाइकाचा पैसा या दोन्ही गोष्टी ग्रंथकर्त्याने विचारून मागाव्यात, असे त्यांच्या मुळाशी आहे. हे चार अनुबंध हाती धरून आपण छापील मराठी ग्रंथांच्या सुमारे दोनशे वर्षांवरून एक नजर टाकू.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. पंचांग कशासाठी, हे कोणाला सांगावयास नको होते. विषय आणि प्रयोजन घरोघर ठाऊक होते. अडचण निराळीच होती. छापण्याच्या शाईत चरबी असते, मग असले पंचांग देवघरात कसे ठेवावे, ही सोवळ्या गिऱ्हाइकाची शंका होती. गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप वापरून शाई केली, असे सांगतात. या गोष्टीतला धडा असा की, गिऱ्हाइकाच्या मनात एखादी शंका असते आणि ती तो दुकानदारापाशी बोलून दाखवीत नाही; मुकाट्याने निघून जातो. ती शंका आधी ओळखावी लागते, आणि तिचे उत्तर मालातच असावे लागते. शाई न बदलता नुसते 'शुद्ध' असे छापले असते, तर ते पंचांग एकच वर्ष खपले असते.

पुढे सरकारने पुस्तकांचे वर्णन करावयास आरंभ केला. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापलेले प्रत्येक पुस्तक सरकारात नोंदवावे लागू लागले आणि त्या नोंदींच्या याद्या दर तिमाहीस प्रसिद्ध होऊ लागल्या. पुस्तकाचे नाव, भाषा, ग्रंथकर्ता, विषय, छापण्याचे व प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक, तारीख, पृष्ठे, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, शिळाछाप की खिळाछाप, किंमत आणि हक्क कोणाचा, अशी रकान्यांमागून रकाने त्यात असत. इतिहासाच्या अभ्यासकाला या याद्या म्हणजे खजिनाच आहेत. पुढे शं. ग. दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची तयार केली, तेव्हा पुस्तकांच्या अशा काटेकोर वर्णनाची खरी किंमत मराठी वाचकांस कळली. तथापि या रकान्यांकडे अनुबंधांच्या दृष्टीने पाहा. विषय आहे, पण अधिकारी आणि प्रयोजन यांना रकाना नाही. सरकारला पुस्तक ओळखावयाचे होते, वाचावयाचे नव्हते. आज संगणकावरील दुकानात पुस्तक ठेवताना प्रथम जे रकाने भरावे लागतात ते बव्हंशी हेच आहेत. ते भरून झाले की आपले काम संपले असे पुष्कळ ग्रंथकर्त्यांना वाटते, आणि येथेच त्यांची फसगत होते. २०२३ साली जो नवा कायदा झाला त्यात पुस्तकांच्या नोंदणीची ती जुनी तरतूद ठेवलेली नाही. रकाने मात्र दुकानांकडे राहिले.

ज्यांनी स्वतःच्या हिमतीवर पुस्तके काढली त्यांच्याकडे आता वळू. जोतीराव फुले यांची गुलामगिरी १८७३ साली निघाली. तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या सज्जनांना आहे. पुण्यात छापलेले मराठी पुस्तक, आणि अर्पण सातासमुद्रापलीकडच्या लोकांना! हे चमत्कारिक दिसते खरे. परंतु त्या एका पानाने विषय आणि प्रयोजन दोन्ही उघड केले. येथील शूद्रातिशूद्रांची स्थिती ही गुलामगिरी आहे, आणि ती जशी तेथे मोडली तशी येथे मोडावयाची आहे. आत मजकूर संवादरूपाने आहे. धोंडिबा विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. वाचता येणाऱ्या एकाने मोठ्याने वाचावे आणि दहांनी ऐकावे, अशाच कामाचा तो घाट आहे. अधिकारी कोण, हे पुस्तकाच्या बांधणीवरूनच कळते.

याच्या शेजारी दुसरे पुस्तक ठेवू. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषतुलना हा निबंध १८८२ साली पुण्यास छापविला. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. सगळ्या प्रती रोख विकल्या गेल्या असत्या तरी एकूण वसूल दोनशे एक्क्याऐंशी रुपये चार आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याने देशभर जी चर्चा उठली तिच्यातून हे लेखन झाले, आणि निबंध कशासाठी रचला ते बाईंनी मुखपृष्ठावरच सांगून टाकले. वर्णनात काही उणे नव्हते. पण ते वर्णन ज्या वाचकापर्यंत जावयास हवे होते तो वाचक, म्हणजे घरात कोंडलेली आणि बहुधा निरक्षर स्त्री, बाजारात येतच नव्हती. जे बाजारात होते त्यांतील बरेच रागावले. जोतीरावांनी १८८५ च्या सत्सारात बाईंची बाजू घेतली. बाईंचे दुसरे पुस्तक मात्र निघाले नाही, आणि हे पहिलेही विस्मृतीत गेले; स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा मराठी वाचकाला त्याची ओळख झाली. मध्ये त्र्याण्णव वर्षे गेली. पुस्तकाची योग्य माणसाशी गाठ पडली नाही म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. तेथे ग्रंथकर्तीचे पैसे तर गेलेच, पण समाजाची तीन पिढ्यांची विचारांची मिळकतही गेली.

गिऱ्हाईक बाजारात येत नसेल तर माल त्याच्या दारी नेण्याची सोय पोस्टाने केली. १८७७ साली हिंदुस्थानात व्ही. पी. ची पद्धत सुरू झाली. पत्र टाकावे, पोस्टमनने पार्सल आणावे, पैसे त्याच्या हाती द्यावेत आणि पार्सल घ्यावे. आपल्या पिढीतल्या मंडळींना हे सांगावयास नको. आज दारात पैसे देऊन वस्तू घेण्याची जी सोय आहे ती या व्ही. पी. चीच नात आहे. ग्रंथव्यवहारात मात्र या सोयीने एक मोठी गोष्ट बदलली. पूर्वी माणूस दुकानात पुस्तक हाती घेई, दोन पाने चाळी, मग पैसे देई. आता पैसे आधी आणि पुस्तक मागाहून. मधले सगळे अंतर वृत्तपत्रातील जाहिरातीच्या चार ओळींवर पडले. त्या ओळी म्हणजे वचन झाले.

आणि वचन आले तेथे वचनभंगही आला. "अवश्य संग्रही ठेवावे", "थोड्याच प्रती शिल्लक", "विद्वानांनी वाखाणलेले" ही भाषा जाहिरातीत रुळली. थोरामोठ्यांचे अभिप्राय मागवून ते पुस्तकाच्या आरंभी छापण्याची चाल पडली. अभिप्राय देणाऱ्याने पुस्तक वाचले होते की नाही, हे त्याचे त्याला ठाऊक. व्ही. पी. सोडवून घेतलेला खेड्यातला वाचक दोनदा फसला की तिसऱ्यांदा चांगल्या पुस्तकाचीही व्ही. पी. परत पाठवी. त्या परतीचा भुर्दंड पडे तो त्या चांगल्या पुस्तकाच्या कर्त्याला. एकाने फुगवून लिहावे आणि दुसऱ्याने बुडावे, असा हा न्याय होता. आजही तो तसाच आहे.

आता आपल्याच मुलखात येऊ. कोल्हापुरात राजाराम कॉलेजातील प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १८९४ साली ग्रंथमाला हे मासिक काढले. मोठे ग्रंथ एकदम छापणे कोणाला परवडत नसे. ते थोडेथोडे करून दरमहा वर्गणीदारांना द्यावयाचे, अशी ही योजना होती. वर्गणीदाराला पुढील अंकात काय येणार हे सांगावे लागे आणि ते द्यावेही लागे. दर महिन्याला परीक्षाच ती.

याच वाटेने मिरजेत वासुदेवशास्त्री खरे गेले. शास्त्रीबुवा मिरजेच्या शाळेत संस्कृतचे शिक्षक. पटवर्धनांच्या दप्तरातील हजारो कागद त्यांनी वाचले, निवडले, मोडीतून उतरविले आणि १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रह या नावाने ते छापावयास लागले. कोणाही सावकाराने हात आखडावा असा हा धंदा. पानिपतानंतरच्या काळातील सरदारांची आणि कारकुनांची पत्रे पैसे देऊन कोण घेणार? ग्राहक थोडे, छपाईचे बिल मोठे. शास्त्रीबुवांनी जी नाटके लिहिली त्यांच्यामागे लेखसंग्रहाच्या खर्चाची ही तोंडमिळवणी होती, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. गुणोत्कर्ष, उग्रमंगल, शिवसंभव या नाटकांना टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी छापखान्याची देणी भागविली. शिक्षकाच्या पगारात इतिहासाचे एवढे काम करून १९२४ साली शास्त्रीबुवा गेले. यदुनाथ सरकारांसारख्या इतिहासकाराने त्यांचा मुक्तकंठाने गौरव केला.

शास्त्रीबुवांच्या संग्रहात एक गोष्ट अशी आहे की, ती आजच्या प्रत्येक ग्रंथकर्त्याने समोर ठेवावी. त्यांनी पत्रे नुसती एकापुढे एक छापली नाहीत. पत्रांच्या प्रत्येक गटाआधी त्यांनी प्रसंगाची हकीकत साध्या मराठीत सांगितली : कोणती मोहीम, कोण कोणाविरुद्ध, पत्र लिहिणारा कोठे होता, आणि या पत्रांतून नवे काय कळते. ती हकीकत वाचली की ज्याला मोडीचा गंधही नाही तोही पुढची पत्रे रस घेऊन वाचतो. ती पाने त्यांनी विक्रीसाठी लिहिली नव्हती. पण वाचकाचा हात धरून त्याला दाराच्या आत नेणे, हेच तर वर्णनाचे काम आहे! चार अनुबंधांपैकी 'संबंध' म्हणतात तो येथे उत्तम दिसतो. हा ग्रंथ त्या विषयाशी कसा बांधला आहे आणि हा लेखक तेथवर कसा पोचला, हे त्यातून कळते.

वर्णनाने पुस्तकाचे रूप कसे पालटते याचे आणखी एक उदाहरण सांगतो. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. परत आल्यावर पुष्कळ वर्षांनी त्यांनी हे सारे लिहून काढले. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली माझा प्रवास या नावाने प्रसिद्ध केले, आणि त्यात १८५७ च्या बंडाची हकीकत आहे हे नावातच सांगितले. एका भिक्षुकाच्या प्रवासवर्णनाला किती वाचक मिळाले असते? 'बंडाची हकीकत' म्हटल्याबरोबर मात्र वाचकाला कळले की, हे आपल्यासाठी आहे. त्यात खोटे एक अक्षर नव्हते. जे पुस्तकात होते त्यांपैकी वाचकाला सर्वांत हवे ते पुढे आणले, इतकेच. मजकुरावर वैद्यांनी जो हात फिरविला होता त्याविषयी अभ्यासकांची तक्रार राहिली. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. या दोन गोष्टींतील भेद ध्यानात घ्यावा. वर्णनात निवड करण्याचा अधिकार सांगणाऱ्याला आहे, मूळ वस्तू बदलण्याचा नाही.

शेवटचे उदाहरण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे. १९१६ साली त्यांनी नागपुरास ज्ञानकोशासाठी मर्यादित भांडवलाची मंडळी स्थापन केली. एकही खंड छापलेला नसताना भागीदार आणि ग्राहक मिळवावयाचे होते. म्हणजे विकावयाचे होते ते निव्वळ वर्णन! पहिला खंड १९२० साली निघाला आणि काम तेवीस खंडांपर्यंत गेले. डॉक्टरांनी पुढे 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने या उद्योगाची सारी कथा लिहिली. विद्वानाने धंद्याचा हिशेब जगापुढे मांडावा, ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते असे की, ज्यांना न पाहिलेल्या ग्रंथाचे वचन दिले त्यांच्या हाती ग्रंथ पडला. वर्णन आधी आणि ग्रंथ मागाहून असला, तरी दोघांची गाठ पडली. ही गाठ पडत नाही तेव्हा त्या वर्णनाला आपण थाप म्हणतो.

हा इतिहास सांगून झाल्यावर आता त्या गुरुजींकडे परत जाऊ. ॲमेझॉनने २०१६ च्या अखेरीस आपल्या किंडल पुस्तकांच्या सोयीत मराठी आणली, आणि मराठी पुस्तके विकणारी आपली स्वतःची संकेतस्थळेही आहेत. तेव्हा ग्रंथकर्त्याला आज प्रकाशकाच्या उंबरठ्यावर बसावे लागत नाही. पण त्या दुकानात पुस्तक चाळून दाखविणारा माणूस नाही. जे काही सांगावयाचे ते वर्णनानेच सांगितले पाहिजे. किंडलच्या दुकानात त्यासाठी चार हजार चिन्हांची मर्यादा आहे, आणि पडद्यावर प्रथम दिसतात त्या वरच्या थोड्या ओळी. बाकीचे 'पुढे वाचा' म्हटल्यावर उघडते. तेथे किंमत, दूरध्वनीचा क्रमांक किंवा इतरांनी केलेली स्तुती लिहावयास मनाई आहे. त्या दुकानाने अभिप्रायांची ती जुनी चाल एका नियमाने बंद केली, याचे मला तरी समाधान वाटते.

चार हजार ही संख्या मोठी वाटते, पण मराठीला ती थोडी आखूड पडते. 'कृष्णा' या शब्दात आपण दोन अक्षरे मोजतो. संगणक मात्र क, ऋकार, ष, हलन्त, ण आणि काना अशी सहा चिन्हे साठवितो. 'पंचगंगा' मध्ये आपली चार अक्षरे, त्याची सात चिन्हे. म्हणून जोडाक्षरांनी भरलेली संस्कृतप्रचुर स्तुती येथे दुहेरी महाग पडते : जागा खाते, आणि काही सांगतही नाही.

दुसरी अडचण नावांची. आपल्या गावाला कोणी नृसिंहवाडी म्हणतो, कोणी नरसोबाची वाडी, कोणी नरसोबावाडी. भक्तमंडळी नुसते 'वाडी' म्हणतात. पुण्यातला वाचक संगणकाला यांपैकी कोणत्या नावाने विचारील, हे सांगता येत नाही. म्हणून ही नावे वर्णनात सहज वाक्यांतून आली पाहिजेत. याशिवाय शोधासाठी सात शब्दसमूह देण्याची सोयही तेथे आहे. त्यांत वाचक जे शब्द टंकतो ते द्यावेत, आपल्याला शोभिवंत वाटतात ते नव्हेत.

आम्ही दोघे एका संध्याकाळी घाटावर बसलो आणि चार अनुबंध धरून गुरुजींच्या ओळी पुन्हा लिहिल्या. मी विचारी, त्यांनी सांगावे.

"हे पुस्तक कोणी घ्यावे?"

"सर्वांनी."

"गुरुजी, सर्वांनी म्हणजे कोणीच नाही. एक माणूस डोळ्यांसमोर आणा."

बराच वेळ ते पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझा एक विद्यार्थी पिंपरीला कारखान्यात आहे. त्याचा मुलगा विचारतो, आपले गाव कसे होते. त्याला सांगता येत नाही."

"मग त्याच्यासाठी लिहा."

त्यांनी लिहिले ते असे : "तुमचे आजोळ कृष्णाकाठी असेल आणि मुलाने गावाविषयी विचारल्यावर तुम्ही अडखळत असाल, तर हे पुस्तक तुमच्यासाठी आहे. नरसोबाची वाडी, कुरुंदवाड आणि आसपासच्या गावांचे घाट, पार, वेशी, नावा आणि पुराच्या खुणा यांची ही माहिती एका शिक्षकाने वीस वर्षे पायी हिंडून, वृद्धांना विचारून लिहिली आहे. वाचून झाल्यावर गावी जाल तेव्हा कोणता दगड कशाचा, हे मुलाला दाखवाल. यात राजांच्या लढाया नाहीत. माणसांच्या वहिवाटी आहेत."

पहिल्या वाक्यात अधिकारी आला, दुसऱ्यात विषय आणि संबंध, तिसऱ्यात प्रयोजन. चौथे वाक्य मी सुचविले नव्हते, ते गुरुजींचे आहे. यात काय नाही हे सांगणारे ते वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. लढाया हव्या असणारा वाचक त्या वाक्यापाशी परत फिरेल. फिरू द्यावा. फसून आलेल्या दहा गिऱ्हाइकांपेक्षा समजून परतलेले एक गिऱ्हाईक बरे. ते पुढच्या वेळी विश्वासाने येते.

या ओळींनी चमत्कार झाला, असे मी सांगणार नाही. इतिहासाच्या व्याख्यानात फलश्रुती जपूनच सांगावी. माळ्यावरचे गठ्ठे अजून आहेत. त्यांतील एक मात्र सुटला आहे, आणि कधी पुण्याहून, कधी बेळगावाहून एखादी मागणी येते. एकाने पुस्तक वाचून कळविले की, त्याच्या आजीच्या माहेरच्या घाटाविषयी गुरुजींनी लिहिलेली एक गोष्ट चुकली आहे, आणि खरी कोणती तेही लिहिले. गुरुजींना त्या पत्राचा विक्रीहून अधिक आनंद झाला. पुस्तक ज्याच्यासाठी होते त्याच्याच हाती पडले, याची ती पावती होती.

ताराबाईंच्या निबंधाला जे त्र्याण्णव वर्षांनी मिळाले आणि वासुदेवशास्त्र्यांना ज्यासाठी नाटके लिहावी लागली, ते एखाद्या गावच्या शिक्षकाला आज घरबसल्या साधू शकते. त्यासाठी वाचकाला खरे आणि पुरते सांगण्याची तयारी मात्र हवी. आपणांपैकी कित्येकांच्या घरी लिहिलेल्या वह्या असतील, कित्येकांच्या माळ्यावर गठ्ठे असतील. आज घरी गेल्यावर त्यांतील एकावर या चार प्रश्नांची उत्तरे लिहून पाहा. उत्तरे सापडली नाहीत, तर कदाचित पुस्तकच पुन्हा लिहावे लागेल. आणि तेही पाचशे प्रती छापण्यापूर्वी कळले तर बरेच म्हणावयाचे.